आवरलेली खोली

कार्यक्रमाच्या नावात ‘समर’ होतं आणि तो जुलैत कर्जतला होता. विद्यापीठ परदेशातलं, म्हणून उन्हाळाही तिकडचाच. आठ विद्यार्थी उन्हाच्या टोप्या आणि काळे चष्मे घेऊन आले होते. कशेळे रस्त्यावरच्या हॉटेलसमोर ते व्हॅनमधून उतरले आणि पायऱ्या चढेपर्यंत त्यांच्या टोप्यांच्या कडांवरून पाणी गळायला लागलं. मी त्यांची मराठीची शिक्षिका होते; मराठीचं एक वर्ष ते तिकडेच करून आले होते. चार आठवडे, रोज सकाळी तीन तास, हॉटेलच्या लग्नाच्या हॉलमध्ये. पुढे त्यांना आरोग्याच्या कामासाठी गावोगाव फिरायचं होतं. त्याआधी प्रत्येकाला अनोळखी माणसाशी दहा मिनिटं मराठीत बोलता यायला हवं, अशी त्यांच्या प्राध्यापिकेची अट होती. मला स्वतःला कुठल्याच भाषेत अनोळखी माणसाशी दहा मिनिटं बोलता येत नाही, हे मी मुलाखतीत सांगितलं नव्हतं.

शिक्षिकेने विद्यार्थ्यांबरोबर हॉटेलातच राहायचं, असाही नियम होता. आमचं घर लोधिवलीला, दुचाकीवर पाऊण तासावर. मुलाखत सोपी गेली, आईला पटवणं अवघड गेलं.

“एवढ्या जवळ घर असून हॉटेलात राहायचं? कोणी विचारलं तर काय सांगू?”

“सांग, कामाला गेलीय.”

“कामाला गेलेली माणसं संध्याकाळी घरी येतात.”

बाबा लावणीच्या मजुरांना फोन लावत होते. फोन कानाला तसाच ठेवून म्हणाले, “परदेशात गेलीय असं समज गं. तो काय, नदीपलीकडं हाय परदेश.”

आईने बॅगेत गोधडी कोंबली. परदेशातल्या चादरींचा तिला भरवसा नव्हता.

मला पहिल्या मजल्यावरची एकशे चार नंबरची खोली मिळाली. दार उघडलं तर पलंगावर टॉवेलचा केलेला हंस बसला होता. त्याचं काय करायचं ते मला कळेना. मोडावासा वाटेना, म्हणून मी तो तसाच उचलून खुर्चीवर ठेवला आणि आठवडाभर घरून आणलेल्या पंच्याने अंग पुसलं. खोलीत पाणी गरम करायची किटली होती, दोन कप होते, आणि मागच्या बाजूला खिडकी होती. खिडकीखाली खाचरं, त्यात वाकलेल्या बायका, त्यामागे नुसता पांढरा ढग. ढगाच्या मागे डोंगर असणार हे मला माहीत होतं, पण कितीतरी दिवस तो दिसलाच नाही. किल्लीला पेरूएवढा लाकडी ठोकळा बांधलेला होता. फक्त माझ्या एकटीच्या दाराची किल्ली आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हातात आली होती. मी ती रात्री उशाशी ठेवायचे. संध्याकाळी वर्गाच्या वह्या तपासायच्या, किटलीत चहा करायचा, खिडकीत बसायचं. कोणी ‘काय करतेस’ म्हणून विचारत नव्हतं. इतकी शांत मी घरीही नसते.

फक्त एक गोष्ट मला जमत नव्हती. माझी खोली दुसऱ्या कोणी साफ करावी, हे.

याला कारण आहे. मी शाळेत असताना आई दर सोमवारी चौकजवळच्या एका फार्महाऊसवर साफसफाईला जायची. शनिवार-रविवार मुंबईची माणसं राहून जायची, सोमवारी आई त्या खोल्या आवरायची. माझ्या इंग्रजी शाळेला त्या कामाचा मोठा आधार होता. संध्याकाळी घरी आली की ती तांदूळ निवडता निवडता बाबांना सांगायची, या वेळची माणसं कशी होती. तिने ती कधी पाहिलेली नसायची. पण नवराबायकोचं भांडण झालं होतं, म्हातारीला जेवण जात नव्हतं, मुलगी आरशासमोर फार वेळ घालवते, हे सगळं तिला चादरींवरून, ताटांवरून, कचऱ्याच्या डब्यावरून कळायचं. “खोलीसारखं माणूस बोलत नाय,” असं ती म्हणायची. एकदा सुट्टीत मी तिच्याबरोबर गेले होते. पलंगाखाली केसांची एक पिवळी क्लिप सापडली. ती माझ्या वर्गातल्या मुलीची होती; मुंबईच्या नातेवाइकांबरोबर तीही तिथे राहिली असणार. मी ती उचलून उशीवर ठेवली आणि पुढे वर्षभर त्या मुलीशी बोलले नाही. मला तिच्याबद्दल तिच्या परवानगीशिवाय काहीतरी कळलं होतं, आणि तिलाही माझ्याबद्दल कळेल अशी भीती होती.

म्हणून मी हॉटेलात सकाळी सहाला उठायचे. गोधडीची घडी घालून बॅगेत, चादर ताणून चारी कोपरे आत खोचायचे, कप धुवायचे, न्हाणीघराची फरशी पंच्याने कोरडी करायची, कंगव्यातले केस कागदात गुंडाळून पर्समध्ये. वर्गाला जाताना मागे वळून पाहायचे. खोलीत कोणी राहत होतं असं वाटायचं नाही. मला बरं वाटायचं.

आमचा मजला साफसफाईसाठी एका ताईंकडे होता. चाळिशीच्या, ठेंगण्या, साडीवर हॉटेलचं निळं जॅकेट घातलेल्या. जवळच्या कोंडाणे गावातून रोज यायच्या. त्या कॉरिडॉरमध्ये सतत बोलत असायच्या, समोर कोणी असो वा नसो. माझ्या विद्यार्थ्यांना त्या फार आवडल्या. वर्गात मी शिकवलेलं वाक्य मुलं दुपारी त्यांच्यावर वापरून बघायची. मी आत असले तरी दारापलीकडून मला ऐकू यायचं.

“ताई, आपण आज सकाळी काय सेवन केले?”

“सेवन? अरे देवा! चाय-चपाती खाल्ली रं. तू काय सेवन केलंस, आमलेट?”

“होय. मी आमलेटचे सेवन केले.”

“ह्यांची बाई ह्यांना रेडिओवरची मराठी शिकवते वाटतं.”

मी आत एकटीच लाल झाले. ‘सेवन’ मी शिकवलं नव्हतं, ते त्याने शब्दकोशातून काढलं होतं. पण बाकीचा रेडिओ माझाच. घरी आम्ही सगळे हाय-नाय बोलतो. शाळेत आधी ते सुटलं, मग मराठीच सुटली, आणि नंतर मी ती पुस्तकांतून परत मिळवली, इस्त्री करून. हॉटेलात मी कोणाशी हाय-नाय बोलले नव्हते. लोधिवलीची आहे हेही सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं मी सांगत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ताईंनी दार वाजवलं. हातात कोऱ्या चादरी होत्या.

“मॅडम, माझं काय चुकलं का?”

“नाही, नाही.”

“रोज येते नी रोज आवरलेलं. टॉवेल पन तसाच. तो हंस अजून खुर्चीवर बसलाय.”

“मला लागत नाही काही. खरंच.” एवढं बोलून मी दार लावलं. हळू लावलं, पण लावलं.

त्यांना रोज वरपर्यंत हेलपाटा नको, असा विचार करून मी दुसऱ्या दिवशी खाली काउंटरवर गेले. मॅनेजर पन्नाशीचे होते, आणि पावसाळ्यात त्यांचा निम्मा दिवस फोनवर जायचा. “नाय सर, धबधबा हॉटेलमधी नाय. धबधबा बाहेर हाय. हां, बाहेर, डोंगराला.” त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी घाबरले की इंग्रजीत बोलते. शाळेने दिलेली ती एकच ढाल माझ्याकडे आहे. तिच्यामागे उभं राहिलं की आवाज कापत नाही. मी इंग्रजीत सांगितलं की एकशे चारमध्ये रोज माणूस पाठवायची गरज नाही, खोली मी स्वतःच साफ करते आहे.

मॅनेजर ताठ झाले. “सॉरी मॅडम. व्हेरी सॉरी,” म्हणत त्यांनी एक जाडी वही ओढली आणि काहीतरी लिहिलं. “ॲक्शन घेतो.”

एवढ्याशा गोष्टीला सॉरी आणि ॲक्शन कशाला, ते मला समजलं नाही. पण बोलणं संपलं होतं, याचाच मला आनंद झाला.

दोन दिवसांनी वर्गात एका उंच, चेहऱ्यावर तीळच तीळ असलेल्या विद्यार्थ्याने हात वर केला. हाच तो सेवनवाला.

“बाई, आमच्या मजल्यावरची ताई काल आली नाही. आज पण आली नाही.”

“सुट्टी असेल.”

“नाही. ती मागे आहे. ती चादरी धुते. मी तिला विचारलं. मी दहा मिनिटं बोललो!” त्याने घड्याळ दाखवलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण अट पूर्ण करणारा तो पहिला होता. “ती म्हणाली, मॅनेजर रागावले. एकशे चार नंबरच्या मॅडमने तक्रार केली. आता तिच्याकडे मजला नाही. मजल्याची माणसं वर्षभर राहतात, धुण्याची माणसं फक्त पावसाळ्यात. म्हणून गणपतीनंतर तिचं काम नाही.”

वाक्यं सगळी बरोबर होती. ‘तक्रार’ हा शब्द मीच फळ्यावर लिहिला होता.

“बाई,” तो म्हणाला, “एकशे चार नंबरची मॅडम कोण आहे?”

प्राध्यापिका मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. हॉलच्या भिंतीवर मागच्या लग्नाच्या कागदी फुलांची माळ अजून होती. मी त्या माळेकडे बघत राहिले.

“मी,” मी म्हणाले.

त्याने हात खाली घेतला. मी तो तास दहा मिनिटं आधी संपवला.

हॉटेलच्या मागे पत्र्याच्या छपराखाली दोन मोठी मशीन होती आणि चादरी सुकवायला दोऱ्या. ताई उशांचे ओले अभ्रे झटकत होत्या. मला पाहून त्यांनी मान खाली घातली.

“ताई, मी तक्रार केली नव्हती.”

“तुमी इंग्लिशमधी बोललात ना खाली?”

“हो, पण...”

“इंग्लिशमधी कोनी चांगलं सांगायला जातंय का? चांगलं वाटलं तर मानूस हसतं नी जातं. इंग्लिश काढलं की कंप्लेंटच.”

पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की मला मोठ्याने बोलावं लागलं. मोठ्याने बोलताना माझ्या तोंडून घरचं निघालं.

“मी तुमचं काय वाईट सांगितलं नाय ओ. खोली मीच आवरते, तुमाला त्रास नको, एवढंच बोलले.”

त्यांचे हात थांबले. “कुठली गं तू?”

“लोधिवली.”

“चौकजवळची लोधिवली? आनि मी तुला मुंबईची समजून मॅडम-मॅडम करते!” अभ्रा त्यांनी खांद्यावर टाकला. “मग आवरतेस कशापायी? आमी चोरतो का काय?”

तेव्हा मी त्यांना आईचं सांगितलं. फार्महाऊस, सोमवार, चादरी. पिवळी क्लिपही. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते धुण्याच्या मशीनच्या आवाजात ओरडून. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग अशा हसल्या की मशीनवरची दुसरी बाई वळून बघायला लागली.

“म्हंजे मी तुझ्या खोलीत काय बघीन म्हनून तू पोछा मारतेस! अगं, रोज चौदा खोल्या. बघायला येळ कुनाला हाय? तुझ्या आईकडं चारच असतील.”

“तीन.”

“मग बरोबर. तीन असत्या तर मीपन बघितलं असतं.” मग त्यांचा आवाज उतरला. “पन तुला एक सांगते. आवरलेली खोली आमाला लय वाईट. प्रत्येक खोलीची वापरलेली चादर नी टॉवेल खाली गेला पाहिजे. एकशे चारचं चार दिवस काय गेलंच नाय. सुपरवायजर बोलला, तू खोली करतच नाहीस. मी बोलले, बाई स्वतः करते. तो बोलला, हॉटेलात येऊन कोन झाडू मारतं? नी दुसऱ्याच दिवशी तू खाली इंग्लिश बोलून आलीस.”

इतके दिवस मी ज्याला नीटनेटकेपणा समजत होते, त्याचा त्यांच्याकडे हा अर्थ होता. आईला विचारलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. पण आईला मी फोनवर खोली छान आहे, एवढंच सांगत होते.

मी काउंटरवर गेले. जाताना वाटेत वाक्यं पाठ केली, जशी मुलांना करायला लावते. नव्या माणसाशी बोलताना आधी आपलं गाव सांगा, मग त्याचं विचारा, असं मी त्यांना शिकवलं होतं. मॅनेजर फोनवर होते. “नाय सर, डीजे नाय. शिकनारी मुलं हायत इथं.” फोन खाली ठेवताच मी म्हणाले, “मी लोधिवलीची. तुमी कुठले?”

ते दचकले. “मी? खालापूरचा. का ओ मॅडम?”

“त्या दिवशी मी इंग्रजीत बोलले, ते तुमाला नीट कळलं नाय. कंप्लेंट नव्हती ती.”

मॅनेजरनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुढे झुकले. “खरं सांगू का? इंग्लिशमधलं मला अर्धं कळतं, अर्ध्याला मी सॉरी बोलतो. साहेबलोक खूश होतात.” मग ते गंभीर झाले. “पण वहीत चढलंय. मालक दर रविवारी वही बघतात. नुसतं तोंडी कसं पुसू?”

“मी खाली लिहून देते.”

“मराठीत द्या.”

मी लिहिलं: एकशे चार नंबरची खोली मी स्वतः आवरत होते. ताईंची काही चूक नाही, चूक माझी आहे. त्यांनी वही फिरवून वाचलं.

“चूक काय ते नाय लिहिलं. खोली आवरली, ही कसली चूक? मालक मला वेड्यात काढतील.”

मागे दोन पाहुणे किल्लीसाठी थांबले होते. शेवटी मी लिहिलं: हॉटेलात राहायची मला सवय नाही. आपली खोली दुसऱ्याने बघू नये असं वाटायचं, म्हणून मी ताईंना काम करू दिलं नाही. खाली सही, त्याखाली गाव.

मॅनेजरनी ते दोनदा वाचलं. “अक्षर बरं आहे तुमचं,” एवढंच म्हणाले. मग म्हणाले, “उद्या त्यांना वर पाठवतो. पण एकशे चारचं सामान खाली यायला पाहिजे. नाय आलं, तर हे लिहिलेलं काय कामाचं नाय. मग रविवारी मला काय बोलू नका.”

म्हणजे आता सगळं माझ्या खोलीवर होतं.

सकाळी सहाला जाग आली आणि हात सवयीने चादरीकडे गेले. मी ते मागे घेतले. मग वाटलं, थोडा पसारा करावा. मी उशी तिरकी केली, टॉवेल जमिनीवर टाकला, लांब जाऊन पाहिलं. ते नाटकातल्यासारखं दिसत होतं. ताईंना एका नजरेत कळलं असतं. मी टॉवेल उचलला, हंस मोडला, त्या मोठ्या पांढऱ्या टॉवेलने पहिल्यांदा अंग पुसलं आणि तो खुर्चीच्या पाठीवर ओलाच टाकला. कप तसाच, तळाला चहा राहिलेला. कंगवा केसांसकट. गोधडी पलंगावर, पायाशी गोळा झालेली. वह्या उघड्या, त्यात पुढच्या तासासाठी पाठ केलेली माझी वाक्यं. दारापर्यंत गेले, परत आले, गोधडीच्या टोकाला हात लावला आणि सोडून दिलं. किल्ली फिरवून खाली उतरले. तास सुरू झाला तरी मी मनाने वरच होते. त्या तिळवाल्या मुलाने विचारलं, “बाई, आज ताई येईल?” मी म्हणाले, “येईल.”

एक वाजता जिना चढले तेव्हा कॉरिडॉरमध्ये गाडा उभा होता आणि त्याच्या झोळीत सगळ्यात वर माझा टॉवेल होता. एकशे चारचं दार उघडंच होतं. ताई खिडकी पुसत होत्या.

“आलीस? कप तसाच ठेवलास, तळाला साखर चिकटली होती. दोन चमचे घेतेस ना?”

“दोन.”

“खिडकीकडं तोंड करून झोपतेस. डाव्या कुशीवर.”

“चौदा खोल्या असतात, बघायला वेळ नसतो ना तुमाला?”

“आज काढला.” त्या हसल्या. “सुपरवायजरनं स्वतः टॉवेल मोजला. दुपारपासून मजला परत माझ्याकडं, बोलला मॅनेजर.”

पलंगावर नवी ताणलेली चादर होती. तिच्यावर आईची गोधडी, लांबट घडीत, जरीची बाजू आत. आमच्या घरी तशीच घालतात. माझी घडी चौकोनी असते, शाळेच्या सहलीत शिकलेली. पायाशी गोळा झालेली ती ताईंनी न विचारता घरच्यासारखी घातली होती. उशीवर कंगवा होता, स्वच्छ.

“नवीन हंस करू का?” त्यांनी विचारलं.

“नको. मला मोडवत नाय.”

“मग तसाच टाकते,” म्हणून त्यांनी टॉवेल खुर्चीवर फेकला आणि गाडा पुढे ढकलला. बाहेर कोणीतरी त्यांना म्हणालं, “ताई, आज जेवलात का?” आणि त्या ओरडल्या, “आता कसं बोललास रं, मानसासारखं!”

मी दार नुसतं लोटलं. खिडकीत बसले. काच इतकी स्वच्छ झाली होती की ढगातून डोंगराची एक धार दिसत होती. मग आईला फोन लावला आणि तिने काही विचारायच्या आत सांगितलं की आज माझी खोली दुसऱ्या बाईने आवरली.

“कशी आवरली?” आईने लगेच विचारलं.

मी पलंगाकडे बघत तिला पहिल्यापासून सांगायला लागले.